मुंबईचं चित्र काढायचंय?

मुलांनो, आधी एक काम करा. वहीचं शेवटचं पान उघडा, पेन्सिल घ्या आणि पाच मिनिटांत मुंबईचं चित्र काढा. मुंबई पाहिली नसेल तरी चालेल. सांगलीत, अमरावतीत, अगदी गडचिरोलीत बसूनही ते काढता येतं. काढलंत? आता मी न बघता सांगतो तुमच्या चित्रात काय काय आहे ते. गेटवे ऑफ इंडिया आहे. समुद्र आहे आणि त्यात एक होडी आहे. एक घड्याळाचा मनोरा आहे. लाल दुमजली बस आहे. आणि ज्यांना जरा जास्तच हौस, त्यांनी मागे काड्यापेट्या उभ्या केल्यासारख्या उंच उंच इमारती काढल्या आहेत. काय, बरोबर ना?

यात जादूबिदू काही नाही. ही सवय तुम्हाला लावली ती माझ्यासारख्या चित्रकारांनीच. चाळीसपेक्षा जास्त वर्षं मी मासिकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढतोय. संपादकांचा निरोप यायचा, "गोष्ट मुंबईत घडते, वर एक पट्टी द्या." पट्टी म्हणजे पानाच्या डोक्यावरचं आडवं चित्र, उंची जेमतेम दोन बोटं. एवढ्याशा जागेत अख्खी मुंबई कशी बसवणार? मग आम्ही सरळ लबाडी करायचो. गेटवेच्या शेजारी राजाबाई टॉवर, त्याला खेटून बोरीबंदरचं स्टेशन, आणि स्टेशनच्या दारात समुद्र! रेघ वर-खाली, वर-खाली करत गेलं की झाली मुंबई.

एकदा एका मुलीचं पोस्टकार्ड आलं. ती मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे मुंबईला आली होती. तिनं लिहिलं होतं, "काका, तुमच्या चित्रात गेटवे आणि स्टेशन शेजारी शेजारी आहेत. मामाने आम्हाला चालत नेलं तेव्हा माझे पाय दुखले." खरं होतं तिचं. मधे चांगलं दोन-अडीच किलोमीटरचं अंतर आहे. ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय. संपादकांच्या शाबासकीपेक्षा अशा कार्डांनी माझा हात जास्त सुधारला.

इमारतींच्या माथ्यावरून आकाशाच्या कडेकडेनं जी रेघ जाते ना, तिला इंग्रजीत स्कायलाइन म्हणतात. आपण तिला आकाशरेषा म्हणू. गाव असो की शहर, प्रत्येकाची आकाशरेषा वेगळी. पंढरपूरची वेगळी, नाशिकची वेगळी. गावाकडे देवळाचा कळस आणि पाण्याची टाकी एवढ्यावर काम भागतं. मुंबईची रेषा मात्र एका जागी स्वस्थ बसत नाही. चित्र काढून छापून येईपर्यंत ती बदललेली असते!

गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' नावाचं पुस्तक लिहिलं. मराठीत अख्ख्या शहरावर लिहिलेलं ते पहिलं मोठं पुस्तक. पण तुमच्या चित्रातली एकही इमारत त्यात सापडणार नाही. नसणारच! राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये. बोरीबंदरची मोठी इमारत १८८८ मध्ये. समोरची महानगरपालिका १८९३ मध्ये, ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये आणि गेटवे तर १९२४ मध्ये. म्हणजे माडगांवकरांना कुणी "मुंबईचं चित्र काढा" म्हटलं असतं, तर त्यांनी फोर्टचा तट काढला असता, डोलकाठ्यांनी भरलेलं बंदर काढलं असतं, आणि १८३३ मध्ये बांधलेला टाउन हॉल काढला असता. पुस्तक बाहेर पडलं त्याच सुमाराला तो तटही पाडायला घेतला होता.

त्या काळी मासिकांत चित्रं छापणं ही मोठी खटपट असे. लंडनमध्ये १८४२ साली एक सचित्र साप्ताहिक निघालं. त्याला जगभरातून रेखाटनं बोटीनं जात. तिथं ते चित्र बॉक्सवूड नावाच्या कठीण लाकडावर उतरवत. मोठं चित्र असलं की तो ठोकळा तुकड्या-तुकड्यांचा, स्क्रूनं जोडलेला. घाई असली की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटत. एकानं आभाळ कोरायचं, दुसऱ्यानं इमारत, तिसऱ्यानं माणसं. मग पुन्हा जोडून छपाई. आभाळ कोरणाऱ्यानं कधी ती जागा पाहिलेलीही नसे! मी कामाला लागलो तेव्हा लाकूड गेलं होतं, जस्ताचे ब्लॉक होते. काळ्या शाईनं चित्र काढायचं, ब्लॉकमेकरकडे द्यायचं, तो त्याचा फोटो काढून जस्ताच्या पत्र्यावर तेजाबानं कोरणार. फार बारीक रेघा काढल्या तर छपाईत त्या भरून जात आणि राजाबाई टॉवरचा कोळशाचा खांब होई. म्हणून रेघ कमी आणि ठाशीव. तुम्हाला पाठ झालेली ती मुंबई इतकी सोपी का, याचं एक कारण हे जस्तसुद्धा आहे, बरं का!

आता एक गंमत सांगतो. बोरीबंदरची इमारत, म्हणजे पूर्वीचं व्हिक्टोरिया टर्मिनस आणि आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पकारानं आखली. बांधायला सुरुवात झाली १८७८ मध्ये. त्याच वर्षी अ‍ॅक्सल हेग नावाच्या चित्रकारानं तिचं जलरंगातलं सुंदर चित्र काढलं. घुमट, कमानी, मनोरे, सगळं जागच्या जागी. म्हणजे इमारत उभी राहायला दहा वर्षं होती, पण चित्रात ती पुरी झालेली! आधी चित्र, मग इमारत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

ही इमारत काढायची असेल तर एक कानमंत्र. घुमटावर एक बाईचा पुतळा आहे, ती 'प्रगती'. आणि फाटकाच्या दोन खांबांवर दोन जनावरं बसली आहेत. दोन्ही सिंह काढू नका, सगळे हीच चूक करतात. एक सिंह आहे आणि दुसरा वाघ.

राजाबाई टॉवर तुम्हाला ठाऊक आहेच. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी त्याचा आराखडा केला आणि प्रेमचंद रायचंद या कापसाच्या मोठ्या व्यापाऱ्यानं पैसा दिला. राजाबाई हे त्यांच्या आईचं नाव. असं सांगतात, की त्यांना दिसत नसे आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचा नेम होता. टॉवरचे टोले ऐकून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलानं एवढा मनोरा बांधवला. त्याची उंची २८० फूट. त्या वेळी मुंबईत त्याच्यापेक्षा उंच काही नव्हतं.

आता दुसरी इमारत ऐका. लोअर परळला पूर्वीच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर 'वर्ल्ड वन' नावाची इमारत उभी आहे. तिची उंची २८०. फूट नव्हे, मीटर! आकडा तोच, पण टॉवरवर टॉवर असे तीन ठेवले तरी वर थोडी जागा उरेल. खोटं वाटत असेल तर वहीत गणित करून बघा. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट.

इमारती एवढ्या वर का जातात? एक तर मुंबई मुळात सात बेटांची, निमुळती. पसरायला जागा नाही. समुद्र बुजवून थोडी जमीन मिळवली, मरीन ड्राइव्ह आणि नरिमन पॉइंट अशाच जागेवर आहेत. पण तीही संपली. मग लोखंड, सिमेंट आणि लिफ्ट यांच्या जोरावर वर जायचं. आमच्या वेळी 'आधुनिक मुंबई' काढायची म्हटली की १९७४ साली झालेली एअर इंडियाची इमारत काढायची, वर त्यांचं बोधचिन्ह. मग १९८० मध्ये शेअर बाजाराचा मनोरा आला. १९८३ मध्ये चार्ल्स कोरिया यांची कांचनजुंगा आली. तिच्या कोपऱ्याकोपऱ्यांत दोन मजली उंच गच्च्या कोरल्यासारख्या आहेत, काढायला फार मजा येते. त्यानंतर मात्र इतके मनोरे आले, की मला त्यांची नावंही पाठ होईनात. आणि खरं सांगू? काढायचा कंटाळाही येऊ लागला. काचेच्या उभ्या पट्ट्या! कुणाचं तोंड कुणाला ओळखू येत नाही.

सगळेच चित्रकार असे माथे बघत नसत. कोल्हापूरहून मुंबईला येऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या माणसांची पोस्टकार्डं काढली. गोव्यातल्या लोटली गावचे मारियो मिरांडा हे 'इलस्ट्रेटेड वीकली' या साप्ताहिकात चित्रं काढत. त्यांच्या मुंबईत आकाश थोडंच आणि खाली ही गर्दी! खिडकीत बाई, बाईच्या मागे मांजर, मांजराच्या मागे आणखी कुणी. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर त्यांनी काढलेली मुंबई आहे. मोठ्यांबरोबर गेलात तर नुसते बघत बसा, खाणं थंड झालं तरी चालेल. आर. के. लक्ष्मण तर कावळे काढण्यात रमत. मला ही मंडळी आवडायची, पण मी स्वतः मात्र पट्टीच काढत राहिलो. गेटवे, टॉवर, स्टेशन. आणि डाव्या कोपऱ्यात गिरणीची चिमणी.

त्या चिमणीबद्दलच सांगायचं होतं.

दादर, परळ, लालबाग, भायखळा या भागाला गिरणगाव म्हणतात. कापडाच्या गिरण्यांना वाफ लागे, वाफेला बॉयलर, बॉयलरला कोळसा आणि धूर आकाशात सोडायला उंच विटांची चिमणी. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात ताडदेवला निघाली, मग त्या वाढतच गेल्या. पाळी बदलली की भोंगा वाजे. घड्याळ नसलेली घरंसुद्धा भोंग्यावर चालत. लालबागला माझा एक मित्र राहतो. तो गिरणीत विणाई खात्यात होता. त्याच्या चाळीच्या गॅलरीतून तीन चिमण्या दिसत. माझ्या पट्टीतली चिमणी मी तिथंच बसून शिकलो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्या वर्षीच्या दिवाळी अंकासाठी मला 'मुंबईची सकाळ' असं चित्र करायचं होतं. मी नेहमीप्रमाणे काढलं. समुद्र, टॉवर, स्टेशन, कोपऱ्यात चिमणी आणि तिच्यातून छान गोल गोल धूर. अंक घेऊन ऐटीत मित्राकडे गेलो. त्यानं पान बघितलं, बघत राहिला आणि म्हणाला, "धूर कुठला काढलास रे? दहा महिने झाले, आमच्या घरातली चूल धड पेटत नाहीये. चिमणी कुठून पेटणार?"

मुलांनो, त्या दिवशी मी तिथं चहासुद्धा घेतला नाही. देणार होत्या वहिनी, पण मला साखरेचा डबा दिसत होता.

संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, बऱ्याच बंद पडल्या. माझ्या मित्राची गिरणी त्याच्यासाठी कधी उघडली नाही. त्यानं भाजी विकली, वॉचमनची नोकरी केली. नंतर एकेक चिमणी जमीनदोस्त झाली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, तिथली चिमणी तेवढी राखून ठेवली. बाकी जागांवर ते काचेचे उभे पट्टे. आणि मी? माझ्या पट्टीतून चिमणी गुपचूप काढून टाकली. कुणाचं पोस्टकार्ड आलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या डिझेलच्या दुमजली बसगाड्या बंद झाल्या, तेव्हा केवढी हळहळ झाली! फोटो काय, हार काय. आता वातानुकूलित, विजेवरच्या नव्या दुमजली बस धावतात. चिमण्यांच्या नशिबी मात्र असा निरोप आला नाही.

मागच्या डिसेंबरात मित्राचा फोन आला. "आमची चाळ पाडणार आहेत. नातवाला तुझ्याकडून एक चित्र हवंय." नातू सहावीत आहे. मी गेलो. रस्त्याकडच्या पत्र्याच्या कुंपणावर भलंमोठं चित्र लावलं होतं, चाळीच्या जागी होणाऱ्या टॉवरचं. चाळीसेक मजले, पायथ्याशी हिरवळ, निळंशार आभाळ. आठवतो ना तो अ‍ॅक्सल हेग? आधी चित्र, मग इमारत. पण या चित्रात आणखी एक करामत होती. शेजारच्या चाळी नव्हत्या. २०११ साली झालेला लालबागचा उड्डाणपूल नव्हता. सगळीकडे झाडंच झाडं. मी पट्टीत करायचो त्याच्या उलटी लबाडी! मी लांबचं जवळ आणायचो, यांनी जवळचंच पुसून टाकलं होतं.

"आजोबा, या चित्रात आपली चाळ कुठेच नाही," नातू मला म्हणाला. "पाडायच्या आधीच नाही."

घरात एकमत नव्हतं. आजी, म्हणजे मित्राची बायको, गप्प होती. सून म्हणाली, "काका, तुम्ही चित्र काढा, छान आहे. पण पहाटे संडासाच्या रांगेत मी उभी राहते. चौदा बिऱ्हाडांत दोन संडास. मला स्वतःचं न्हाणीघर हवंय, लिफ्ट हवी. सासूबाईंचे गुडघे बघताय ना?" मी काय बोलणार! चाळी सुंदर दिसतात असं म्हणणारे बहुतेक लोक माझ्यासारखे, दुसरीकडे राहणारे.

मी समोरच्या फुटपाथवर स्टूल टाकून बसलो. आणि तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मुंबई काढता येईना. चाळीला घुमट नाही, मनोरा नाही. तीन मजले, लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या, वर कौलं. आकाशरेषा म्हणाल तर एक आडवी रेघ. झालं, संपलं चित्र! नातू मागे उभा राहून बघत होता. पाचव्या मिनिटाला त्याची मास्तरकी सुरू झाली.

"पिंपं राहिली. दुसऱ्या मजल्यावर सात निळी पिंपं आहेत, पाण्याची."

काढली.

"तुळस तेलाच्या डब्यात आहे, कुंडीत नाही. आणि जिन्याची तिसरी पायरी तुटलीय, ती तुटकीच काढा. कठड्याला खालच्या मजल्यावर एक गज नाही, त्यातून आम्ही बॉल काढतो."

दुपारपर्यंत कागद भरून गेला. दोरीवरचे कपडे, सायकली, गणपतीच्या मंडळाचा फळा, नळावरची भांडी. मारियोंच्या चित्रासारखी गर्दी माझ्या हातून होतेय असं मला वाटलं, पण ते माझं नव्हतंच. मी नुसता पेन्सिल धरून होतो. मधेच माझा मित्र खाली आला. कागदाकडे बघून म्हणाला, "मागे चिमणी येते इथून. डाव्या बाजूला." आता तिथं काचेचा टॉवर आहे. मी विचारलं, "आहे ते काढू की होतं ते?" तो बराच वेळ बोलला नाही. मग नातवाला म्हणाला, "तू सांग. चित्र तुझं आहे."

नातवानं डोळे बारीक करून वर पाहिलं. "दोन्ही काढा," तो म्हणाला. "टॉवर बारीक रेघेनं. चिमणी जाड."

"आणि धूर?" मी मित्राकडे बघून विचारलं.

"नको," दोघंही एकदम म्हणाले.

रंग भरून चित्र द्यायला गेलो तेव्हा सामान बांधून झालं होतं. इमारत होईपर्यंत ते डोंबिवलीला भाड्यानं राहणार आहेत. आजीनं चित्र डोळ्यांजवळ धरून सगळ्या खोल्यांची माणसं नावानं मोजली. त्यांच्या स्वतःच्या खोलीच्या खिडकीत मी दिवा लागल्यासारखा पिवळा रंग दिला होता. नातू बघत होता, बघत होता आणि त्याचा चेहरा पडला.

"आमची खिडकी डावीकडून सातवी," तो म्हणाला. "तुम्ही सहावी रंगवलीत."

जलरंग सहज निघत नाही, हे तुम्हाला शाळेतही कळलं असेल. ओल्या ब्रशनं आणि टिपकागदानं अर्धा तास खपून मी सहावी खिडकी विझवली आणि सातवी लावली. सहावीत अजून थोडा पिवळा उरलाय. तो म्हणतो, राहू दे, तिथले काका रात्री उशिरापर्यंत जागे असतात.